पौर्णिमेची खीर

"राहू द्या, वहिनी. भूक न्हाई मला," सूरज म्हणाला आणि त्यानं समोरचं ताट हातानं अलगद... अगदी अलगद बाजूला सरकवलं.

आपटलं असतं तर परवडलं असतं! भिंतीवर फेकलं असतं, चार शिव्या हासडल्या असत्या, तर प्रभावतीनं पदर खोचून त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. पण हे असं पाहुण्यासारखं ताट सरकवणं तिला सोसत नव्हतं. तीन आठवडे झाले, हा मुलगा तिच्या हातचा एक घास खात नव्हता. चौकातून केळी आणायचा, स्वतः सोलून खायचा, पाणीसुद्धा माठातून स्वतः ओतून घ्यायचा आणि संध्याकाळ झाली की देशीच्या दुकानाकडं वळायचा. ती ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली. तिच्या हातच्या अन्नाची त्याला शिसारी का बसली, हे या घरात फक्त तिलाच ठाऊक होतं. निदान तिची तरी अशीच समजूत होती.

सूरज तिचा धाकटा दीर. पण दीर म्हणायचा तो लोकांसाठी. एकोणिसाव्या वर्षी ती मंठ्याला या घरात लग्न होऊन आली, तेव्हा सासूबाई गिरिजाबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि सहा वर्षांचा सूरज त्यांच्या उशाशी बसून पाटी गिरवत होता. जाताना सासूबाईंनी पोराचा हात तिच्या हातात दिला आणि डोळे मिटले. त्याच महिन्यात प्रभावतीचं जालन्याच्या डी.एड.ला नाव लागल्याचं पत्र आलं. ते तिनं दोनदा वाचलं, ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवलं आणि सूरजला शाळेला जायचं होतं म्हणून त्याचा डबा भरायला घेतला. पुढं तिच्या पोटी मूल झालं नाही. आयाबाया हळहळायच्या, पण तिनं ते दुःख कधी उगाळलं नाही. सूरज होता ना!

आणि पोरगा होताही तसाच. विहिरीवरची जळलेली मोटार त्याच्यापुढं टाका, तांब्याची तार अशी गुंडाळायचा की शेतकरी मंठ्यात दुसऱ्या कुणाचं नाव घेत नसत. घात झाला तो याच कौतुकानं! विहिरीवर मोटार सुरू झाली, पाणी पडलं, की मालक खुशीनं म्हणायचा, 'बस की सूरजभाऊ, घोटभर घे.' घोटाचा ग्लास झाला, ग्लासाची बाटली झाली. अठ्ठाविसाव्या वर्षी सकाळी उठल्यावर पोटात थोडी पडल्याशिवाय त्याच्या बोटांची थरथर थांबेना, तार धरता येईना, आणि त्याच्या मोटारदुरुस्तीच्या दुकानाचं शटर आठ-आठ दिवस खाली राहू लागलं.

दुसऱ्या कुणाच्या घरात असतं तर बोंबाबोंब झाली असती. पण हे घर तिच्या नवऱ्याचं, राजानंद गुरुजींचं! विहारातली वंदना त्यांच्या तोंडून व्हायची. पोराटोरांपासून म्हाताऱ्याकोताऱ्यांपर्यंत सगळे त्यांच्या मागं पंचशील म्हणायचे, आणि त्यातलं पाचवं शील तर नशापाण्यापासून दूर राहण्याचंच. ज्याच्या मागं लोक ते म्हणतात, त्याचाच भाऊ दारुडा? गुरुजींनी घरात दम भरून ठेवला होता, "घरातली गोष्ट उंबऱ्याच्या बाहेर जाता कामा न्हाई, प्रभा!"

वस्तीतली आशा आरोग्य कार्यकर्ती अर्पिता हिनं हिवाळ्यातच सुचवलं होतं, "जालन्याच्या सरकारी दवाखान्यात दारू सोडवायला दाखल करून घेतात, वहिनी. चिठ्ठी देऊ का?" पण तो विभाग मनाच्या आजाराचा आहे हे कळताच गुरुजी भडकले. "माझा भाऊ काय येडा हाय का?" मग नाव फुटू नये म्हणून दूरच्या एका खासगी केंद्रात दोघं चौकशीला गेले. तिथं जाळीच्या दारामागं मुंडण केलेली पोरं उकिडवी बसली होती. एकानं पाणी मागितलं, तर तिथल्या राखणदारानं त्याच्या मुस्काटात मारली. प्रभावती तिथूनच माघारी फिरली. "माझ्या सूरजला मी हितं ठेवणार न्हाई!"

सरकारी दवाखाना घराण्याच्या नावाला नको, आणि हे केंद्र तिच्या काळजाला नको. मग उरलं काय? आठवडी बाजारात एक जण चादर अंथरून पुड्या विकत बसला होता. 'पेशंटला न सांगता द्या, सात दिवसांत दारू बंद!' शिकल्यासवरलेली बाई, पत्र आलं तेव्हा मास्तरीण व्हायला निघालेली... पण माया आंधळी झाली, की शिक्षण कुठं कोपऱ्यात जाऊन बसतं कोण जाणे! तिनं पुड्या घेतल्या. तीन दिवस वरणात कालवल्या. सूरजला नुसतं मळमळलं. चौथ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती.

त्या दिवशी प्रत्येक घरातून विहारात खीर जाते. तिनंही मोठं पातेलं भरून खीर केली, आणि सूरजची वाटी मात्र वेगळी काढून तिच्यात दोन पुड्या ढवळल्या. आजच्या दिवशी गुण येईल, अशी तिची भोळी आशा! सूरज त्या दिवशी अंघोळ करून, पांढरा सदरा घालून विहारात आला होता. खुर्च्या उचलताना हात थरथरू नयेत म्हणून तो सकाळी घोटभरच घेऊन आला होता. त्यानं वाटी रिकामी केली. वंदना सुरू झाली, आणि थोड्याच वेळात त्याचं तोंड लालभडक झालं, छाती धपापू लागली, आणि सगळ्या लोकांसमोर तो ओकारी काढत जमिनीवर कोसळला.

"आजच्या दिवशीसुद्धा ढोसून आला!" गुरुजींचा आवाज संतापानं फाटला. "मेला माझा भाऊ आजपासून!"

दवाखान्यात दोन दिवस सलाइन चालू होतं. डॉक्टरांनी विचारलं, तर सूरज क्षीण आवाजात म्हणाला, "लई झाली, साहेब." आणि प्रभावती? प्रभावती खाटेच्या पायथ्याशी उभी होती... तोंड मिटून! साऱ्या वस्तीनं त्याच्या तोंडावर थुंकावं आणि तिनं बघत राहावं, असं ते मिटलेलं तोंड होतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी घरातल्या वंदनेत, खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं, की तिची जीभ टाळूला चिकटायची. ओठ नुसते हलवायची. हे पाप कुठं फेडू, या विचारानं तिचा जीव आतल्या आत करपत होता.

सरकवलेलं ताट तिनं झाकून ठेवलं, चप्पल पायात घातली आणि ती तडक अर्पिताच्या दारात गेली.

"चिठ्ठी दे मला," ती म्हणाली.

"देते. पण पकडून न्हेता येत न्हाई बरं का, वहिनी. त्यानं राजीखुशीनं यायला पाहिजे."

सूरजनं नाही म्हटलं नाही. तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडं बघत एवढंच म्हणाला, "येतो. पण गोळ्याबिळ्या मी गिळणार न्हाई." गुरुजींनी मात्र साफ नकार दिला. तेव्हा लग्नाला बावीस वर्षं झालेली ही बाई आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यासमोर ताठ उभी राहिली. "नका येऊ. मी एकटी न्हेते त्याला. अन कुणी इचारलं तर कुठं चाललो ते बराबर सांगते!" गुरुवारी सकाळी एसटीत गुरुजी होते, पण तीन बाकं सोडून, खिडकीबाहेर तोंड करून.

जालन्याच्या त्या खोलीत फार काही नव्हतं. एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर कॅलेंडर. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. त्यांनी सूरजशी आधी मोटारींबद्दल गप्पा मारल्या, मग बोटं पसरायला सांगून थरथर पाहिली.

"हा आजार आहे, सूरज. एकदम, एकट्यानं बंद करायला जाऊ नका, झटके येतात. दहा-बारा दिवस इथं दाखल व्हा. थरथर कमी होईल अशा गोळ्या देऊ, मग रोज बोलू."

"गोळी मी घेणार न्हाई, मॅडम."

"का?"

प्रभावतीनं सोबत आणलेले पौर्णिमेच्या वेळचे कागद डॉक्टरांनी चाळले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "तोंड लाल, छातीत धडधड, रक्तदाब एकदम खाली... घोटभर दारूनं असं होत नाही. तुम्हाला कुणी काही खाऊ घातलं होतं का? आठवून सांगा, माझ्यासाठी हे महत्त्वाचं आहे."

"न्हाई!" सूरज प्रश्न संपायच्या आत बोलला. "कुणी काई दिलं न्हाई. मीच पेल्तो. लई पेल्तो."

प्रभावतीनं चमकून त्याच्याकडं बघितलं. इतक्या घाईनं माणूस खोटं बोलतो ते दुसऱ्याला वाचवण्यासाठीच! म्हणजे याला ठाऊक होतं... पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! शेजारी नवरा बसलेला. आता गप्प राहिलं, तर गोष्ट कायमची मातीआड जाणार होती, तिची अब्रू शाबूत राहणार होती. आणि सूरज गोळी न घेता मंठ्याच्या गाडीत बसणार होता, पुन्हा त्या दुकानाकडं वळण्यासाठी.

"मी दिलं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "बाजारातून पुड्या आणल्या अन वरणात घातल्या. त्या दिवशी खिरीत घातल्या... दोन! तो पेला न्हवता, मॅडम. घोटभरच होती. त्याला मी पाडलं, समद्या लोकात मी पाडलं, अन त्याला शिव्या बसत होत्या तवा मी तोंड मिटून उभी राह्यले!"

गुरुजी खुर्चीवरून उठले. उठले आणि तसेच उभे राहिले, जणू कुठं जायचं ते विसरले. प्रभावती सूरजच्या पायाशी वाकू लागली तसं त्यानं तिचे दोन्ही हात धरले.

"काय करून राह्यल्या, वहिनी! उठा. मला त्याच दिशी कळल्तं. समद्यांना पातेल्यातून वाढलं, अन माझी वाटी येगळी. कडू बी लागली."

"मंग बोलला का न्हाईस रे? दादा तुला मेला म्हणला, तरी बोलला न्हाईस!"

"मला हाकललं तर मी कुठं बी पडून राहीन. दादानं तुम्हाला हाकललं असतं तर?" त्यानं तिला खुर्चीवर बसवलं. "राग न्हवता, वहिनी. भ्या वाटायचं. तुमचा घास उचलला की छातीत तसंच धडधडायचं. रोज वाटायचं, आज सांगतील... आज सांगतील. एकडाव तुम्ही सांगितलं असतं, तर मी पोटभर जेवलो असतो."

गुरुजींनी चष्मा काढला. साऱ्या वस्तीला शील देणारा तो माणूस लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. "पुडी हिनं घातली, पण हिला त्या पुडीपर्यंत मीच ढकललं. हिवाळ्यात अर्पिता सांगत व्हती, तवाच आलो असतो हितं... मला माझं नाव प्यारं झालं! सूरज, ज्या लोकांसमोर मी तुला मेला म्हणलो, त्याच लोकांसमोर येत्या रविवारी विहारात मी समदं सांगणार हाय. माझंच चुकलं म्हणून सांगणार हाय."

"वहिनीचं नाव नको घेऊ, दादा," सूरज म्हणाला.

"घेऊ दे," प्रभावती डोळे पुसत म्हणाली. "माझं बी घ्या."

डॉक्टरांनी तिला पाणी दिलं, पण बोलल्या मात्र कडक. "त्या पुडीनं याचा जीव गेला असता, ताई. दारूबरोबर सोसत नाही असं औषध आमच्याकडंही आहे. पण ते दारू पूर्ण सुटल्यावर, तपासण्या करून, आणि पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीनंच देतात." मग त्या सूरजकडं वळल्या. "इथून घरी गेल्यावर ते सुरू करायचं का, हे तुम्ही ठरवायचं. केलं, तर रोज सकाळी घरच्या एका माणसानं समोर उभं राहून गोळी द्यायची. माणूसही तुम्हीच निवडायचा."

सूरजनं दाखल होण्याच्या कागदावर सही केली. वाकडीतिकडी, पण स्वतःच्या मनानं. "घरी गेल्यावर ती गोळी बी घेतो," तो म्हणाला.

"मग गोळी कुणाच्या हातून घेणार?" डॉक्टरांनी विचारलं.

प्रभावती नकळत नवऱ्याच्या मागं सरकली. यात विचारायचं काय होतं! सख्खा भाऊ समोर उभा होता, आणि तिच्या हातानं जे केलं ते आत्ताच सगळ्यांनी ऐकलं होतं.

"वहिनीच्या," सूरज म्हणाला.

"मला नको!" ती कळवळून ओरडली. "माझी लायकी न्हाई रे, सूरज! दादांना दे हे काम. माझ्या हाताचं मलाच भ्या वाटतं!"

"मला बी वाटायचं," तो म्हणाला. "आता सांगून देताल ना?"

तिनं होकाराची मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली. डॉक्टरांनी गोळी देण्याची जबाबदारी घेणाऱ्याचा कागद तिच्यापुढं सरकवला आणि सहीची जागा दाखवली. तिनं पेन उचललं, पण तिची बोटं अशी थरथरत होती की कागद टेबलावरून घसरू लागला. तेव्हा सूरजनं आपल्या थरथरत्या हाताचा पंजा कागदाच्या कोपऱ्यावर ठेवला, आणि तिची सही होईपर्यंत तो तसाच दाबून धरला.