डोंगरावरून उतरलेली घंटी

ज्याच्या बाबतीत हे घडलं, तो विनायक माझा सख्खा मावसभाऊ.

थापा मारणारा माणूस नाही. उलट इतका रुक्ष, की स्वतःच्या लग्नाची गोष्टसुद्धा मीटिंगचा वृत्तांत वाचल्यासारखी सांगतो. म्हणूनच त्यानं हे सांगितलं तेव्हा मला एकदाही हसू आलं नाही. पटलं नाही तर सोडून द्या. मलाही ते खोटं असतं तर बरं वाटलं असतं.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. जपानमध्ये, क्योतोच्या उत्तरेला, डोंगरात एक छोटं गाव आहे. नाव सांगत नाही. माणसं अजून तिथंच राहतात.

वेळ संध्याकाळची होती. धड रात्रही झाली नव्हती.

विनायक आणि त्याची बायको मिताली बरीच वर्षं ओसाकात होते. दोघंही आयटीत. घरून काम सुरू झालं तसा दोघांना शहराचा कंटाळा आला आणि ते या गावात राहायला गेले. गाव म्हणजे सगळे सत्तरीच्या पुढचे. चाळिशी ओलांडलेला विनायक तिथं पोरगाच ठरला. शेजारच्या सुगिमोतो-साननी (सान म्हणजे आपलं 'राव' किंवा 'बाई') त्याला गावच्या शिकारी मंडळात ओढला. डुकरं भात तुडवतात, हरणं भाजी खातात, आणि बंदूक उचलायला तरुण कोणी नाही म्हणून.

विनायकनं रीतसर परीक्षा दिली, पोलिसांच्या चौकश्या झाल्या, बंदुकीचा परवाना मिळाला. मावशी नाशिकहून फोनवर ओरडली होती, "इंजिनिअर केला तो काय अस्वलं मारायला?"

तेव्हा सगळे हसले होते.

सुगिमोतो-सानची बायको फुमिए-सान. बुटकी, चिमणीएवढी बाई. शरद ऋतूत त्यांच्या अंगणातलं पर्सिमनचं झाड लगडायचं. टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या त्या नारिंगी फळाला जपानीत काकी म्हणतात. पहिल्यांदा टोपली घेऊन आल्या तेव्हा मिताली हसत सुटली, "काकींनी काकी आणल्या!" अर्थ समजावून सांगितल्यावर फुमिए-सानही हसल्या. त्या दिवसापासून त्या फुमिएकाकी झाल्या.

तिकडं डोंगरात जाताना कमरेला घंटी बांधतात. माणूस येतोय हे अस्वलाला लांबूनच कळावं, म्हणजे ते बाजूला होतं. काकींची घंटी हरवली होती, म्हणून विनायकनं नाशिकच्या भांडीबाजारातून एक आणून दिली. गायीच्या गळ्यातली, पितळी. तिथल्या घंट्या चिरिन-चिरिन वाजतात. हिचा आवाज वेगळाच.

ठण्... ठण्...

गावात कुठंही वाजली तरी कळायचं, फुमिए-सान आल्या.

ऑक्टोबरात त्या अळंबी गोळा करायला डोंगरात गेल्या.

परत आल्या नाहीत.

शोध घेणाऱ्यांना टोपली सापडली. एक बूट सापडला. आणखी जे सापडलं ते मी लिहीत नाही. त्यावरच अंत्यसंस्कार झाले. मोठ्या नर अस्वलाचे ठसे होते.

घंटी मात्र कुठंच मिळाली नाही.

त्या अस्वलाला मारायची परवानगी निघाली. पिंजरा लावला, पण ते त्याकडं फिरकलं नाही. मग सुगिमोतो-सान म्हणाले, आमिष ठेवून बसू. पन्नास वर्षं शिकार केलेला माणूस. बायकोच्या अंत्यविधीला त्यांच्या डोळ्यांत पाणी कोणी पाहिलं नव्हतं.

उतारावरच्या एका झाडाला त्यांनी लोखंडी पिंप साखळीनं बांधलं. आत तांदळाचा कोंडा, साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळून उरलेला चोथा, मध, आणि वरून अंगणातली पिकलेली पर्सिमन. पिंपाच्या खालच्या अंगाला दोन झाडांमध्ये मचाण बांधलं. संध्याकाळी थंड वारा डोंगरावरून खाली वाहतो. अस्वल वरून येणार, म्हणजे माणसाचा वास त्याला लागणार नाही.

"लहान अस्वल आधी येईल," ते विनायकला म्हणाले. "त्याला खाऊ द्या. हात शिवशिवले तरी बंदूक उचलू नका. ते खाता खाता एकदम पळालं, की समजायचं, मोठं आलंय. मग श्वाससुद्धा तोंडानं घ्यायचा नाही."

आणखी एक युक्ती होती.

मचाणाकडं दोघांनी जायचं, मोठ्यानं बोलत. एकानं वर बसायचं. दुसऱ्यानं घंटी वाजवत, खोकत, काठ्या आपटत खाली गाडीपर्यंत निघून जायचं.

"अस्वलाला मोजता येत नाही," सुगिमोतो-सान म्हणाले. "त्याला वाटतं, आलेली माणसं गेली."

आधीचे काही दिवस सुगिमोतो-सान बसायचे आणि विनायक घंटी वाजवत उतरायचा. पिंपातलं आमिष खाल्लेलं दिसायचं, पण ते रात्री. उजेडात कोणी यायचं नाही. आणि सूर्य मावळला की कायद्यानं गोळी झाडता येत नाही. बंदूक रिकामी करून परत फिरायचं.

एका संध्याकाळी सुगिमोतो-सान खाली आले ते संतापलेले.

"परत कशाला आलात वर? सगळं मुसळ केरात!"

"मी?" विनायक गोंधळला. "मी तर गाडीतून हललोही नाही."

"घंटी ऐकली मी."

"माझी?"

म्हातारबाबांनी बंदूक गाडीत ठेवली. आपल्या हातांकडं बघत राहिले.

"उद्या तुम्ही बसा," एवढंच म्हणाले. "माझा नेम आता लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी विनायक मचाणावर चढला. बंदुकीत गोळी भरली. सुगिमोतो-सान नेहमीप्रमाणे मोठ्यानं बोलत, खोकत निघाले. चिरिन-चिरिन... चिरिन-चिरिन... आवाज लहान होत गेला. बऱ्याच वेळानं खालून गाडीचं दार आपटल्याचं ऐकू आलं.

मग शांतता.

पाय बधिर झाले. नाक गळायला लागलं, पण पुसायची सोय नाही. झाडावर दोन पक्षी भांडत होते. ते भांडण हाच काय तो विरंगुळा.

उन्हं शेंड्यांवर गेली, आणि झुडपांतून एक काळं नाक बाहेर आलं.

लहान अस्वल. कुत्र्याएवढं. दोन वेळा माघारी गेलं, परत आलं. मग पिंपात पंजा घालून मचमच खायला लागलं. विनायक हलला नाही.

अचानक अस्वलाचे कान उभे राहिले.

ते वर डोंगराकडं बघत होतं.

तोंडातलं पर्सिमन तसंच खाली पडलं. आणि ते पळालं. साधं पळालं नाही. लहान पोरासारखं केकाटत, मचाणाच्या खालून, विनायकच्या वासाची पर्वा न करता, थेट दरीत.

पक्षी गप्प झाले होते. कधी, ते त्याला कळलं नव्हतं.

मोठं आलं.

विनायकनं बंदूक खांद्याला लावली. बोट घोड्याच्या बाहेर. झाडांमध्ये काही हलतंय का बघत राहिला.

काहीच हलत नव्हतं.

आणि मग... पिंपाच्या मागून, वरच्या चढावरून...

ठण्.

त्यानं बंदुकीची नळी आवाजाकडं वळवली.

ठण्... ठण्...

जिथं घंटी वाजते तिथं माणूस असतो. माणसाच्या दिशेनं बंदूक धरायची नाही, हा शिकारीतला पहिला धडा. त्याचा हात आपोआप खाली आला. त्या बाजूनं गावातलं कोणी येणं शक्य नव्हतं. पलीकडं वस्तीच नाही.

आणि तो आवाज तर त्यानं स्वतः विकत घेतला होता. दुकानात चार घंट्या वाजवून निवडलेला.

घंटी सरळ आली नाही. थांबत थांबत, लांबून वळसा घालून, हळूहळू खालच्या अंगाला आली. जिथं विनायकचा वास वाऱ्याबरोबर जात होता तिथं.

तिथं ती थांबली.

विनायकनं मान वळवली. झाडं, पाचोळा, संधिप्रकाश. माणूस नाही. जनावर नाही.

किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही. मग घंटी परत वाजली, आणि दूर जाऊ लागली. ठण्... ठण्... चढ चढून वर, आणखी वर, अगदी बारीक... आणि बंद.

सूर्य मावळला होता. त्यानं बंदूक रिकामी केली. गोळी खिशात टाकली. मोठा श्वास सोडला. गेली एकदाची.

आणि तो जागच्या जागी गोठला.

आलेलं गेलं, असं आपल्याला वाटावं म्हणूनच तर घंटी वाजली नसेल?

त्याच क्षणी मचाणाच्या शिडीची खालची पायरी करकरली.

कोणाचं तरी वजन पडल्यासारखी.

दुसरी पायरी.

मग ते वजन थांबलं. फळ्यांच्या फटीतून, त्याच्या बुटांखालून, श्वासाचा आवाज येत होता. सावकाश. शांत. ज्याला कसलीही घाई नाही, असा.

खिशातला वॉकीटॉकी खरखरला. सुगिमोतो-सानचा आवाज. "विनायक-सान. घंटी मीही ऐकली. उतरा. पळू नका. मागे बघू नका."

"खाली... शिडीवर काहीतरी..."

"ठाऊक आहे. उतरा."

शिडीवरचं वजन सरकलं. जणू वाट दिली. विनायक म्हणतो, त्या पायऱ्या उतरताना त्याला रामरक्षेची एक ओळ धड आठवली नाही. पायवाट धरून तो चालायला लागला. मागं पाचोळा वाजत होता. विनायक थांबला की तो आवाजही थांबायचा, पण क्षणभर उशिरानं. त्यानं मान वळवली नाही. शर्ट घामानं भिजून थंडगार झाला होता.

गाडीचे दिवे दिसले. सुगिमोतो-सान बाहेर उभे होते. छोटा मालवाहू ट्रक तो, पुढं बसायला दोनच जागा.

त्यांनी विनायककडं पाहिलं नाही. त्याच्या खांद्यावरून मागं पाहिलं.

बराच वेळ.

मग तो दगडासारखा माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. रडत रडतच वळसा घालून गेला आणि डावीकडचं दार उघडलं. आदबीनं. घरी आलेल्या पाहुण्यासाठी उघडावं तसं. थोडा वेळ थांबला. अलगद दार लावलं.

त्या बाजूनं गाडी किंचित खाली दबली.

"विनायक-सान," ते डोळे पुसत म्हणाले, "माफ करा हं. आज तुम्ही चालत या. दोघांचीच जागा आहे."

आणि गाडी निघून गेली.

ते मोठं अस्वल नंतर कोणालाच दिसलं नाही. ठसे नाहीत, काही नाही. गावकरी म्हणतात, डोंगर ओलांडून गेलं असेल. सुगिमोतो-साननी त्याच आठवड्यात बंदूक पोलिसांत जमा केली. मिताली त्यांच्यासाठी डबा घेऊन गेली, तर त्यांनी तो दारातच घेतला. चेहरा खुललेला, पण आत या म्हणाले नाहीत. गाडीतून एकटे जाताना डावीकडच्या रिकाम्या सीटचा पट्टा लावलेला असतो, हे तिनंच पाहिलं.

नवीन वर्ष लागायच्या आत विनायक मितालीला घेऊन ओसाकाला परतला.

मागच्या आठवड्यात सुगिमोतो-सानचा फोन आला. आवाज अगदी ठणठणीत. वाळवलेली पर्सिमन तयार आहेत म्हणाले, न्यायला या. आम्ही दोघं मजेत आहोत. घाई नाही, सवडीनं या. आम्ही वाट बघतो.

मितालीला जायचंय. काकींचा आत्मा नवऱ्यापाशी सुखरूप पोचला, असंच ती मानते. तिचे डोळे भरून येतात. तो दिवस आठवला की तिला भीती वाटत नाही, गहिवरून येतं.

विनायक तिला काही बोलत नाही. परवा मला मात्र फोन केला. आवाज अगदी खाली आणून, ती शेजारच्या खोलीत होती म्हणून.

"फुमिएकाकी केवढ्याशा होत्या, तू फोटोत पाहिलंयस," तो म्हणाला. "माझ्या मागून जे येत होतं ना, त्याची पावलं जड होती रे."

पलीकडं त्यानं दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"आणि ती दोन पायांची नव्हती."