एका हाताच्या मापाचा कठडा

गच्चीवरच्या कुरडया परातीत घेऊन मी उतरत होते, आणि खालून एक लोखंडी वेल वर येत होती. पानं, कळ्या, वळणं... वेलीमागं माणूस आहे हे कळायला जरा वेळच लागला.

"भिंतीकडनं या," वेल बोलली. "कठडा नाय अजून. पडताल."

"गृहप्रवेशापासून अशीच उतरतेय. पडले नाही."

"आज... माझ्या अंगावर पडला असता," तो म्हणाला आणि स्वतःच लाजला. लाजणारा मुलगा मी पहिल्यांदाच बघत होते. बघतच राहिले.

हा बद्रीनाथ. शहागंजात त्याच्या वडिलांचं लोखंडकामाचं दुकान होतं. तेही मूळचे पाचोडचे, आमच्यासारखेच शेती भावाकडं सोपवून शहरात आलेले. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जिन्याला ओतीव पानांची वेल, पितळी गोळे आणि वर सागवानी मूठ ठरवली होती. घाई होती ती रविवारची. जालन्याचे पाहुणे मला बघायला येणार होते. मला तो रविवारच नको होता, पण मला विचारतं कोण?

बद्रीच्या घरची एक रीत होती. घरातल्या प्रत्येकाला डोळे मिटून जिना उतरायला लावायचं, हात आपसूक कुठं विसावतो ते बघायचं आणि सगळ्यांतलं मधलं माप धरायचं. आप्पा कचेरीत, आई स्वयंपाकात. पहिली मीच उतरले.

"मिटा डोळे. मी हाय इथं."

मिटले. कडुनिंबाच्या मोहराचा वास येत होता. हाताखाली काहीच नव्हतं आणि शेजारून कुणीतरी श्वास रोखून उतरत होतं. मग त्याच्या हातातली पट्टी माझ्या तळव्याला हळूच टेकली. जिना संपला, तरी डोळे उघडावेसे वाटेनात.

"झालं," तो म्हणाला.

"पुन्हा उतरू? माप चुकायला नको."

"उतरा की... लई नाजूक काम असतंय हे."

आम्ही उतरतच राहिलो. परातीतल्या कुरडया चिमण्यांनी संपवल्या.

पुढं रोज तो पानं बसवायचा आणि मी चहा घेऊन जायचे. "हे पान जरा डावीकडं," म्हणायचे. तो डावीकडं घ्यायचा. "नको, उजवीकडंच बरं होतं." तो हसून परत उजवीकडं न्यायचा. त्याच्या बोटांवर लोखंडाची काळी पूड असायची आणि मला तीसुद्धा आवडायला लागली होती.

"रविवारी पाव्हणे येणार म्हणं," शनिवारी गोळा पुसता पुसता तो म्हणाला.

"काम संपलं नाही, तर नाही येणार."

"काम अर्धं टाकत नाय मी." त्यानं तोच गोळा पुन्हा पुसायला घेतला. "पण हे पुरं करायचा जीव होत नाय."

तरी त्यानं पुरं केलं. संध्याकाळी आप्पा आले, कठड्याला हात लावून चढू लागले आणि मध्येच थांबले. आप्पा उंचेपुरे, मी आईहूनही बुटकी.

"अरे बद्री, वाकावं लागतंय की मला. कोणाचं माप धरलं?"

बद्रीचे कान लाल झाले. "उज्ज्वलाचं. बाकीच्यांचं घ्यायचं... सुचलंच नाय."

आई दाराशी आली. माझं नाव त्याच्या तोंडून तिघांनीही पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"ती तर आज ना उद्या सासरी जाणार," आप्पा सावकाश म्हणाले. "तिच्या मापाचा कठडा मी काय करू?"

"काढतो सकाळी. उंच करून देतो," बद्री म्हणाला. पण बघत माझ्याकडं होता.

आता गप्प बसले तर सकाळी कठडा जाणार, आणि दुपारी मी.

"काढू नका," मी म्हणाले. "आप्पा, जालन्याला नाही म्हणून कळवा. मला बद्रीनाथ आवडतात."

आप्पा पायरीवरच बसले. एकदा माझ्याकडं, एकदा त्याच्याकडं बघितलं.

"अहो, उद्या पाव्हणे..." आई म्हणाली.

"त्यांना मी सांगतो." ते उठले, चपला घातल्या. "बद्री, वडील दुकानातच असतील ना? चल. पोरीच्या बापाला लई उंबरे झिजवावे लागतेत म्हणं. मी एकच झिजवून बघतो."