जोडीचा व्हॉल्व्ह

सारख्या नंबरचे दोन काचेचे व्हॉल्व्ह म्हणजे जोडी नव्हे. पुण्याहून येणाऱ्या हौशी गिऱ्हाइकांना हे मला दर वेळी सांगावं लागतं. जुन्या अँप्लिफायरमध्ये शेवटचे दोन व्हॉल्व्ह बैलजोडीसारखे जुंपलेले असतात. एकाने जास्त ओढलं की तो तापून मरतो आणि दुसरा नुसता बरोबर चालतो. म्हणून दोघांचा करंट मीटरवर मोजायचा. खाचेत बसतो म्हणून चालतो, असं नसतं.

दौंडला स्टेशनच्या मागे माझं दुकान आहे. वय चौऱ्याहत्तर. अक्षरं मी पस्तिसाव्या वर्षी शिकलो. त्याआधी माल ओळखायला रंगाचे ठिपके देत असे.

गेल्या मार्चात भर दुपारी मोनाली असंच एक जुनं अँप्लिफायरचं मशीन घेऊन आली. ही शिरूरची, हौसरावची नात, रांजणगावला कंपनीत कामाला. मागून काठी टेकत गिताबाई आल्या, हौसरावची बायको. त्यांना आता दिसत नाही.

"आबा, आजोबांचं मशीन हाय," मोनाली म्हणाली. "आजीला एकदा वाजलेलं ऐकायचंय. पर एक व्हॉल्व्ह न्हाई त्यात."

नाही हे मला माहीत होतं.

हौसराव आणि मी मिळून लग्नाकार्यांत लाऊडस्पीकर लावायचो. चाळीस वर्षांपूर्वी पाटसकडच्या एका लग्नात ऐन हळदीला आवाज गेला. हौसरावने मशीन उताणं करून उघडलं. त्याची एक रीत होती. आत हात घालण्याआधी बोटातली तांब्याची अंगठी पत्र्यावर टक् करून वाजवायची आणि मला विचारायचं, "भिमा, बंद हाय का रं?" मी व्हय म्हटल्याशिवाय हात आत जात नसे. त्या दिवशी शॉक लागून तो मशीनवरच कोसळला आणि गेला. एक व्हॉल्व्ह त्याच्याखाली फुटला. त्याने विचारलंच नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. पिऊन हात घातला, हे लोकांनी आपल्या पदरचं जोडलं.

गिताबाई बाकावर टेकल्या आणि भेटीगणिक विचारतात तेच त्यांनी विचारलं.

"भावजी, त्यांनी खरंच इचारलं न्हवतं?"

"न्हाई, वहिनी."

"पिऊन कामाला जाणारा माणूस न्हवता हो त्यो. डोळं मिटायच्या आत तेवढं कळू द्या मला."

मी मशीन पुसायला घेतलं. उरलेला व्हॉल्व्ह ईएल-३४ होता, चाळीस वर्षं पडून असलेला. लावून पाहिला. छत्तीस मिलीअँपिअर. अजून दमदार.

त्याला जोड शोधायची होती. पेटीत त्याच नंबरचे तीन होते, प्रत्येक कापडात गुंडाळलेला. पहिला एकावन्नवर गेला. दुसरा अठ्ठावीसच्या वर येईना. तिसऱ्याच्या आतला पत्रा निखाऱ्यासारखा लाल व्हायला लागला, तो झटकन काढला.

"एवढं काय बघताय आबा? लगीन जुळवताय व्हय?" मोनाली हसली.

"लग्नात खपून जातं पोरी. हितं न्हाई खपत."

समोरच्या टपरीवर चहा सांगून मी परत आलो, तर पेटीच्या कोपऱ्यात चौथा व्हॉल्व्ह होता. उघडा, बिनकापडाचा.

मी तो उचलला. बुडाच्या काळ्या कडेचा टवका उडालेला. त्याच्या शेजारी तेलरंगाचे दोन लाल ठिपके.

दोन लाल ठिपके मी फक्त हौसरावच्या मशीनला द्यायचो. आणि हे टवका उडालेलं बूड, फुटक्या काचेसकट, मी माझ्या हाताने भीमेच्या पुलावरून खाली टाकलं होतं.

काच आता अखंड होती. पायांमध्ये बारीक सुकलेला गाळ होता.

मी मोनालीकडे पाहिलं. ती मोबाईलमध्ये होती.

"हे तू ठिवलंस?"

"काय?"

"पेटीत."

"मी हातबी लावला न्हाई तुमच्या पेटीला."

ठिपके कोणीही काढील. टवका कोणीही उडवील. या दोघी मला जोखायला आल्या आहेत, असं माझ्या मनाने घेतलं. पण ठिपक्यांची गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. आणि गिताबाई दाराकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसल्या होत्या.

नाही लावावा, असं वाटलं. पण मोनाली बघत होती. लावला.

काटा हळूहळू चढला. छत्तीसवर थांबला. पन्नास वर्षांच्या धंद्यात एवढी तंतोतंत जोड मी पाहिली नाही. तापलेल्या काचेला नदीच्या ओल्या चिखलाचा वास येत होता.

कर्णा जोडून झाला होता; माईकची वायर जोडायला मी भिंतीवरच्या फळीवरचा खटका बंद केला. बंद केल्यावर काच अर्ध्या मिनिटात विझते.

मिनिट झालं. चहा आला, निवला. दोन्ही काचा तांबड्याच होत्या.

कर्ण्यातून खरखर आली. मग आवाज.

"हॅलो. हॅलो. चेक."

माईक माझ्या हातात होता. वायर सुटी होती.

"भिमा, बंद हाय का रं?"

मोनालीने माझ्याकडे पाहिलं, मग मशीनकडे. गिताबाईंनी मान वर केली. त्या घाबरल्या नाहीत. डोक्यावरचा पदर तेवढा सारखा केला.

"भावजी," त्या म्हणाल्या, "ते इचारत्यात."

मी माईक खाली ठेवला.

"त्या दिवशीबी असंच इचारलं व्हतं ना?"

"व्हय, वहिनी."

"मग?"

"खटका वर म्हंजी बंद, एवढंच मला पाठ व्हतं. त्या लग्नघरच्या फळीवर त्यो उलटा बसवला व्हता. गावच्या शाळामास्तरांनी रंगानं चालू-बंद लिहिलं व्हतं वर. मला वाचता येत न्हवतं. सांगायची लाज वाटली. बंद हाय म्हणालो."

बाहेरून मालगाडी गेली, काचेची कपाटं थरथरली.

"आता येतं ना वाचता?"

"येतं."

"मग नीट वाचून सांगा त्यांना."

मी उठलो. फळीपाशी गेलो. चष्मा पुसून घातला. खटक्याखालची अक्षरं माझ्याच हातची होती, अक्षरं शिकलो त्या वर्षी रंगवलेली. बोट ठेवून वाचली.

"बंद," मी म्हणालो. "बंद हाय, हौसराव."

मागे वळलो. काचा तशाच तांबड्या होत्या.

कर्ण्यातून, पत्र्यावर अंगठी वाजावी तसा, टक् असा आवाज आला.