आधीचे आजार : नाहीत

पाण्याच्या बाटलीचं झाकण काही केल्या उघडेना, आणि धम्मप्रियाला एकदम रडू यायला लागलं.

तसं रडण्यासारखं काही नव्हतं. पण अंधारात उठून, दोन एसट्या बदलून ती शिरूर अनंतपाळहून नांदेडला आली होती. लातूर जवळ होतं. पण लातूरच्या दवाखान्यात नात्यातलं कुणी ना कुणी भेटतंच, आणि पंचविशीतल्या मुलीला संधिवात आहे ही गोष्ट लग्नाआधी नात्यात जाता कामा नये, असं तिच्या आईनं ठरवून टाकलं होतं. नांदेडला महिन्यातल्या एका रविवारी बाहेरगावचे सांध्यांचे डॉक्टर यायचे. बाकड्यावर तिच्या आधी एकवीस जण बसले होते. गोळीची वेळ झाली होती आणि बोटं लाकडासारखी झाली होती.

"आणा इकडं," शेजारचा तरुण म्हणाला.

तिनं बाटली दिली. त्यानं झाकणाला हात घातला, दात-ओठ खाल्ले, जोर केला... आणि थांबला.

"माझ्याच्यानंही होत नाही," त्यानं कबूल केलं. "अकरा वाजेपर्यंत माझे हात माझं ऐकत नाहीत."

"मग घेतली कशाला?"

"वाटलं, कुणीतरी बघून राहिलंय, आज तरी ऐकतील."

तिला हसू आलं. रडू अजून डोळ्यात होतं, त्यामुळे ते हसू तिलाच विचित्र वाटलं. तो उठला, लंगडत दाराकडे गेला, झाकण बिजागरीच्या फटीत अडकवलं आणि बाटलीच दोन्ही तळव्यांनी फिरवली. झाकण निघालं. अर्धं पाणी त्याच्या पँटवर सांडलं.

"उरलेलं तुमचं," तो म्हणाला.

त्याचं नाव आनंदराज. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी, तिथंच भाड्याची खोली, आणि घर किनवटजवळच्या एका गावात. सांधे धरून चार वर्षं झाली होती आणि घरी कुणालाच माहीत नव्हतं.

"कुणालाच?"

"नाही. गोळ्या आवळासुपारीच्या बरणीत ठेवतो. माय गावभर सांगते, माझा आनंद दगडासारखा टणक आहे म्हणून. तिला कसं सांगू?"

"आणि लंगडता ते?"

"क्रिकेट खेळताना पाय मुरगळला."

"चार वर्षांपूर्वी?"

"मुरगळूनच राहिलाय," तो इतक्या गंभीरपणे म्हणाला, की पुढचे दोन पेशंट वळून बघायला लागले.

पुढच्या महिन्यात ती आली तेव्हा त्यानं तिच्यासाठी बाकड्यावर जागा धरून ठेवली होती. त्यापुढच्या महिन्यात तिनं डब्यात धपाटे आणले. आणि त्यानंतर टाळेबंदी लागली. एसट्या थांबल्या आणि डॉक्टरांचं नांदेडला येणंही थांबलं.

राहिला फोन. दोघांनाही आठवड्यातून एकदाच घ्यायची एक पिवळी गोळी होती. ती रोज घेतली तर जिवावर बेतते, विसरली तर सांधे पेटतात. दोघांचाही वार रविवार. मग ठरलं, की रविवारी जेवण झाल्यावर फोन लावायचा, एक-दोन-तीन म्हणायचं आणि दोघांनी एकदम गिळायची. दुसऱ्या दिवशी दोघांनाही मळमळायचं.

"लोक जोडीनं सिनेमाला जातात," ती म्हणायची. "आपण जोडीनं मळमळतो."

"सिनेमा तीन तासांत संपतो. आपला सोमवार दिवसभर चालतो."

ते दिवसच उलटे होते. सगळं गाव प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून काढे उकळत होतं, आणि हे दोघं तीच शक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या गिळत होते. भीती वाटायची. धम्मप्रियानं एक आठवडा गोळ्या बंदच केल्या. पाचव्या दिवशी तिला वेणी घालता येईना, तेव्हा आनंदराज फोनवर पहिल्यांदा रागावला. "डॉक्टरनं सांगितलं नाही आणि तुम्ही बंद करता? इतक्या शहाण्या कधीपासून झालात?" मग दुकानांतून सांध्यांसाठी ते रोज घ्यायचे ती मलेरियाची गोळीही गायब झाली. ती कोरोनावर चालते अशी हवा उठली होती, आणि ज्यांना काही झालेलं नव्हतं त्यांनीही ती कपाटात भरून ठेवली होती. आनंदराजनं सुजल्या गुडघ्यांनी सायकलवर अख्खं नांदेड पालथं घातलं. भाजीच्या गाडीवाल्याबरोबर दोन पाकिटं शिरूरला पोहोचली.

"तुम्हाला राहिल्या का?" तिनं विचारलं.

"आहेत की."

त्या नव्हत्या. हे तिला पुढे कळलं. पण त्या दिवशी ती पाकिटं उशाशी ठेवताना तिला जे वाटलं, त्याला काय म्हणायचं हे तिला नेमकं माहीत होतं. फक्त म्हणायचं कुणी, हा प्रश्न होता.

एकदा तिनं धीर केला. "ग्रंथपालसाहेब... हे असं फोनवरच गोळ्या खात राहायचं का?"

"दोघंही असे," तो म्हणाला. "घरात एक तरी धडधाकट माणूस नको का? डबे कोण उघडणार?"

"उघडेच ठेवू."

तो हसला. पण हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. तिनंही विषय तिथंच सोडला. वाटलं, घाई कसली... एसट्या सुरू झाल्या की समोरासमोर बोलू.

एसट्या सुरू झाल्या. डॉक्टरही यायला लागले. दोघं बाकड्यावर मास्क लावून बसायचे आणि नुसत्या डोळ्यांनी बोलायचे, आणि बोलायचं ते तसंच राहून जायचं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये नांदेडात पुन्हा कोरोना पसरला.

बुधवारी त्याचा फोन आला तेव्हा तो कोविड वॉर्डात होता. ताप येऊन चार दिवस झाले होते. गावाहून मोठा भाऊ, श्रीमंतदादा, आला होता आणि त्यानंच भरती केलं होतं.

"सांगितलं ना डॉक्टरांना? आपल्या गोळ्यांचं?"

"फॉर्मवर रकाना होता. आधीचे आजार. नाहीत असं लिहिलं."

"आनंदराज!"

"दादा बाजूलाच उभा होता. काय बोलणार? आणि इथं लोक म्हणून राहिले, ज्यांना आधीचं काही आहे त्यांना श्वासाचं मशीन शेवटी देतात."

"आणि ती रोजची पांढरी, स्टेरॉइडची गोळी? ती एकदम बंद करायची नाही म्हणून डॉक्टर दर वेळी बजावतात."

"बरणी खोलीवर राहिली. चार दिवसांचं तर काम आहे. घरी जाऊन घेईन." मग खोकत खोकत तो म्हणाला, "कुणाला सांगू नका. तुम्हाला माझी शपथ आहे. मायला कळलं तर ती मोडून पडेल."

ती शपथ धम्मप्रियानं पाळली. बुधवार पाळली, गुरुवार पाळली, शुक्रवार पाळली. लपवणं तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. घरी पाहुणे आले की हात पदराखाली घ्यायचे, चहाचा ट्रे आईनं धरायचा. तिला वाटलं, हेही तसंच, थोडे दिवस झाकायचं आणि निभेल.

शनिवारी त्याचा आवाज ओळखू येईना. "उभं राहिलं की... अंधारी येते," एवढंच तो बोलला आणि फोन कट झाला. पुन्हा लावला तर बंद.

बाहेर अवकाळी पाऊस पत्र्यावर ताडताड वाजत होता. तिनं सांध्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. दहाव्या वेळी तो लागला. तिनं नाव न सांगता सगळं सांगितलं.

"आठवड्याची गोळी राहिली तर चालेल," डॉक्टर म्हणाले. "पण स्टेरॉइड? पाच वर्षं घेतोय आणि एकदम बंद? अहो, बीपी कोसळेल. वॉर्डातल्या डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता सांगा. तुम्ही काय बघत बसलात?"

तिनं आनंदराजचा नंबर पुन्हा लावला. या वेळी कुणीतरी उचलला.

"कोण?"

"श्रीमंतदादा का? जय भीम. मी शिरूर अनंतपाळहून बोलते. आनंदराजला पाच वर्षांपासून संधिवात आहे. तो स्टेरॉइड घेतो. डॉक्टरांना लगेच सांगा."

"ओ बाई, नंबर चुकला का? आमच्या आनंदला काही नाही. त्याला आतल्या वॉर्डात हलवून राहिले अन् तुम्ही काहीबाही..."

"खोलीवर आवळासुपारीची बरणी आहे. बघा तिच्यात."

"तुम्ही कोण पण? तुम्हाला काय माहीत?"

अंगणाच्या पडवीत आई तांदूळ निवडत बसली होती. धम्मप्रियानं एकदा तिच्याकडे पाहिलं.

"मलाही तोच आजार आहे," ती म्हणाली. "आणि मी त्याची होणारी बायको आहे."

आईचा सुपातला हात थांबला.

"बरणी कुठं ठेवतो?" श्रीमंतनं विचारलं.

त्या दिवशी औषध सुरू झालं. रविवारी दुपारी एका नर्सनं त्याच्या कानाशी फोन धरला.

"शपथ... मोडली तुम्ही."

"हो. मोडली."

"दादाला काय सांगितलं म्हणे? होणारी..." त्याला दम लागला. पण त्या दमातही तो चिडवत होता. "मला कुणी... विचारलंच नाही."

"तू कुठं विचारू देत होतास?" तुम्हीचा तू कधी झाला, हे तिच्या लक्षातही आलं नाही. "आता सांग. हो की नाही?"

मशीनचा आवाज येत होता. ती थांबली. तिला वाटलं, फोन काढून घेतला.

"हो," तो म्हणाला. "हो, धम्मा. लई आधीपासून."

मंगळवारी सकाळी तो गेला.

शेवटचं त्याचं तोंडही कुणाला बघता आलं नाही. महापालिकेच्या माणसांनीच सगळं उरकलं. धम्मप्रियाला ते दुपारी कळलं, श्रीमंतच्या दोन ओळींच्या मेसेजवरून. तिच्या घरी कुणी तिला काही विचारलं नाही. वडिलांनी, लिंबाजींनी, दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं तिच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल करून ठेवलं. आई मात्र एकच म्हणत राहिली, "झालं ते झालं. आता बाहेर बोलू नको."

तिनं सांध्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारलं होतं. तीन दिवस आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, "आजारच मोठा होता. सांगता येत नाही." सांगता येत नाही! एवढ्या तीन शब्दांवर माणसानं उरलेला जन्म कसा काढायचा, हे कुठल्या डॉक्टरला विचारायचं?

जुलैत श्रीमंत आला. बरोबर त्याची आई होती, सरजाबाई. लुगडं नेसलेली, उन्हानं रापलेली, उंच बाई. त्या आत येऊन भिंतीला टेकून बसल्या आणि धम्मप्रियाकडे नुसत्या बघत राहिल्या.

"मला एकच सांगा," श्रीमंत म्हणाला. "पहिल्याच दिवशी कळलं असतं, तर?"

"मला माहीत होतं," धम्मप्रिया म्हणाली. "त्यानं शपथ घातली होती. मी तीन दिवस गप्प बसले."

ती वाट बघत होती, की आता तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"फॉर्म मीच भरून घेतला," श्रीमंत खाली बघत म्हणाला. "त्या रकान्यापाशी त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. मी म्हणलो, आमच्यात कुणाला काही नाही, लिहा नाहीत. मग तो बोललाच नाही."

सरजाबाईंनी हात पुढे केला. धम्मप्रियानं सवयीनं आपले हात पदराखाली घेतले, पण त्यांनी ते ओढून बाहेर काढले आणि एकेक बोट दाबून बघितलं, पेरांवरच्या गाठी, तिरपी होत चाललेली करंगळी.

"त्याची असीच होती का बोटं?"

"हो. सकाळी जास्त आखडायची."

"दुखतंय?"

चहा घेऊन दारात आलेली धम्मप्रियाची आई घाईनं म्हणाली, "न्हाई हो, आता तसं काही..."

"लई दुखतं," धम्मप्रिया म्हणाली. "रोज दुखतं."

सरजाबाईंनी ती बोटं आपल्या दोन्ही तळव्यांत झाकून घेतली.

"मला एकदाबी म्हणला न्हाई गं माय," त्या म्हणाल्या. "एकदाबी न्हाई."