आश्लेषा मॅडमचं तेल

बोर्ली पंचतनच्या बाजारात प्रज्योत पाटलाचा लाकडी तेलघाणा आहे. माघातल्या एका सकाळी आश्लेषा तिथे गेली ती वाडीतलं खोबरं घाण्याला लावायला. पण दारातच ओटीपोटात अशी कळ आली, की पिशवी हातातून सुटली आणि खोबऱ्याच्या वाट्या गडगडत थेट घाणेवाल्याच्या पायाशी गेल्या.

त्याने मान वर केली. सावळा, तरतरीत, कोपरापर्यंत तेलाने चकाकणारे हात... आणि डोळ्यांत खरीखुरी काळजी. मैनाकाकींचं खोबरं निम्मं पिळून झालेलं असताना त्याने घाणा बंद केला. कुठलाही घाणेवाला असं करत नाही. मैनाकाकी बाकावरून बघतच राहिल्या.

“चक्कर आली काय, मॅडम?”

“पित्त आहे,” आश्लेषाने सवयीने सांगून टाकलं.

हे पित्त तिच्या आईने शोधून काढलं होतं. लग्नाच्या मुलीला बायकांचं दुखणं आहे असं कळलं तर स्थळं कशी येणार? म्हणून त्यांच्या अख्ख्या दिवेआगर गावात आशूला पित्त आहे असं सांगितलं जाई. गाव बिचारं प्रेमळ, ते आमसुलं पाठवी. घरात आमसुलांचे डबे साठले आणि दुखणं होतं तिथेच राहिलं. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या आश्लेषाला या खोट्याची फार लाज वाटे, पण आईपुढे तिचं काही चालत नसे.

प्रज्योतने तिला पेंडीच्या पोत्यांवर बसवलं, पाणी दिलं आणि गप्प बसून राहिला. पेणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातला हा मुलगा, भाऊ ट्रकच्या धंद्यात, याने मात्र घाणा टाकलेला. बोलायला माणूस नसेल तर घाण्याशी बोलणारा. त्यामुळे गप्प बसणं त्याला किती जड जात होतं ते दिसत होतं, आणि आश्लेषाला कळ ओसरता ओसरता त्याचं हसू येत होतं.

मैनाकाकी आपलं तेल घेऊन गेल्या तेव्हा तिने विचारलं, जवसाचं तेल काढाल का? जवस देशावरची माणसं खातात, तुम्हाला कशाला, असं त्याने विचारलं. अनोळखी माणसाला खरं सांगणं सोपं असतं. तिने सांगितलं. गर्भाशयाच्या आत असायला हवं तसं अस्तर बाहेरही वाढतं, पाळीच्या वेळी तेही सुजतं, दुखतं. एंडोमेट्रिओसिस म्हणतात त्याला. अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्यात, तळण कमी करायला सांगितलंय, आणि जवसाचं तेल जेवणात घेऊन बघा म्हणाल्यात.

“म्हणजे तेलाने बरं होतं?”

“नाही. दुखणं कदाचित थोडं कमी होतं. कदाचित... अजून नीट सिद्ध झालेलं नाही.”

“मग बांगडा, तारली खा ना. त्यात पण चांगलं तेल असतं म्हणतात.”

“आमच्या घरात बांगडा आला तर आई घर सोडून जाईल.”

“मग मला जेवायला बोलवू नका,” तो गंभीरपणे म्हणाला. “माझ्या हातालाच वास हाय.”

आश्लेषा हसली. दुखत असताना आपण हसू शकतो हे तिला नवीनच होतं.

त्याने पुण्याहून जवस मागवला. हे तेल वरून भातावर, आमटीवर घ्यायचं, तापवायचं नाही, असं तिने बजावलं होतं. तरी त्याने त्यात पापलेट तळून पाहिलं आणि गल्लीभर रंगकामाचा वास सुटला. दुसऱ्या दिवशी हे त्याने तिला इतकं रंगवून सांगितलं की तिला डोळे पुसावे लागले. तेल तो गडद काचेच्या अगदी लहान बाटलीत देई. ती संपली की पुन्हा यावं लागे.

“बाटली एवढीशी का देता?”

“जास्त दिलं तर खवट होतं.”

“खरंच?”

“खरंच हाय...” त्याने झाकण घट्ट केलं. “पण होत नसतं, तरी एवढंच दिलं असतं.”

आश्लेषा बाटली घेऊन निघाली ती शाळेच्या उलट दिशेला. चौकात गेल्यावर तिच्या ते लक्षात आलं.

होळी झाली, पाडवा झाला. दुखणं जरा मवाळ झालं. तेलाने, गोळ्यांनी की घाणेवाल्याने, हे विज्ञानाच्या बाईंना काही वेगळं काढता येईना.

आणि मग प्रज्योतने घोळ घातला.

घाण्यावर ज्याचं त्याचं तेल वेगळं निघतं आणि त्याच्याच नावाने ओळखलं जातं. मालक आपलं तेल निघेपर्यंत बाकावर बसतो, आणि बाकावर सगळ्यांच्या घरचं सगळं निघतं. त्या रीतीने जवसाचं तेल ‘आश्लेषा मॅडमचं तेल’ झालं. कुणीतरी विचारलं, मॅडमना ते कशाला? आणि प्रज्योतने, तिला बरं वाटतंय या आनंदात, कशाला ते सांगून टाकलं. पार दुखण्याच्या नावानिशी.

चार गावांत ते कळायला कितीसा वेळ लागणार? रोह्याचं स्थळ येणार होतं, ते आलंच नाही. आई देवघरापाशी बसून रडली. आश्लेषा तडक घाण्यावर गेली. बाक भरलेला होता, तरी ती थांबली नाही.

“मी तुम्हाला सांगितलं होतं. बाजाराला नाही. घाण्यावर तेलाबरोबर माणसंही पिळता तुम्ही.”

त्याचा चेहरा उतरला. “चुकलो,” एवढंच तो म्हणाला. ती परत फिरली. घरी येईपर्यंत रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. स्थळ गेल्याचं दुःख तिला मुळीच नव्हतं. हा माणूस गेला याचं होतं.

पुढच्याच आठवड्यात मैनाकाकींची सून प्रणाली शाळेत आली. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, “मॅडम, मला पण तसंच होतं. घरात म्हणतात, सगळ्यांनाच होतं, त्यात काय.” आश्लेषा तिला अलिबागला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मग आणखी एकजण आली, मग आणखी. आश्लेषा प्रत्येकीला सांगे की तेल नंतर, आधी तपासणी.

प्रज्योतही तेच सांगू लागला होता, हे तिला मैनाकाकींकडून कळलं. जवसाचं तेल मागायला आलेल्या बाईला तो आधी डॉक्टरकडे पाठवतो, हे औषध नाय म्हणतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल म्हणतो. शिवाय बाकावर कुणाचा विषय निघाला की उठून घाणा मोठ्याने चालू करतो. “पोरगा आजारी हाय की काय,” मैनाकाकी म्हणाल्या आणि आश्लेषाकडे बघून हसल्या.

आश्लेषा घाण्यावर गेली. संध्याकाळचं ऊन पेंडीच्या पोत्यांवर आलं होतं, बाक रिकामा होता. ती आपणहून पोत्यांवर जाऊन बसली.

“राग गेला नाही माझा,” ती म्हणाली.

“जाऊ नका देऊ एवढ्यात. पण... येत जा.”

“प्रज्योत, हे दुखणं पुरतं जाईल असं नाही. मूल होईल की नाही, तेही सांगता येत नाही.”

त्याने हात पुसले. नीट, एकेक बोट.

“मूल पाहिजे म्हणून नाय तुझ्यावर जीव जडला. तू पाहिजेस.”

पहिल्यांदाच तो तिला ‘तू’ म्हणाला होता. आश्लेषाने मान खाली घातली, कारण हसू लपेना. “मग हे आईला सांग. तू स्वतः,” ती म्हणाली, आणि बोर्लीच्या बाजारात कुणाला न भिणाऱ्या प्रज्योतला दरदरून घाम फुटला.

रविवारी तो दिवेआगरला आला. दोनदा साबण लावून हात धुतलेले, इस्त्रीचा शर्ट. आईने त्याला ओटीवर बसवलं. माशांचं विचारेल, जातीचं विचारेल, गावभर बोलल्याचा जाब विचारेल... आश्लेषा दाराआड उभी राहून सगळ्याची उत्तरं मनात तयार करत होती. आईने सुपारी कातरायला घेतली. मग तिने एकच विचारलं.

“हिला दुखायला लागलं, की तू काय करशील?”

प्रज्योतने तेलाचं नाव काढलं नाही, बरी करीन म्हणाला नाही.

“ते हिलाच विचारीन, आई. आणि ही सांगेल तेवढंच करीन.”

अडकित्ता थांबला. आईने पदर डोळ्यांना लावला, कुणाला दिसणार नाही असा, पण आश्लेषाला दिसला. मग ती दाराकडे वळून म्हणाली, “आशू, आत काय उभी आहेस? जेवणाची पानं घे. तिघांची.”