बाहेरची खरखर

चारला प्रयोगशाळेत यंत्र बघायला पाहुणे येणार होते, म्हणून ती अडीचलाच ते तपासायला बसली. मेंदूचं चित्र काढणारं हे यंत्र कमी ताकदीच्या चुंबकाचं. साध्या खोलीतही चालतं. फक्त दिवे, पंखे, लिफ्ट यांच्या विजेची खरखर चित्रात घुसते. म्हणून पलंगाभोवती चार कॉईल ठेवलेल्या. त्या बाहेरची खरखर टिपतात आणि प्रोग्रॅम ती चित्रातून वजा करतो.

ही वजाबाकी प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांचा शोध. गेल्या वर्षी याच पलंगावर तिची थोरली बहीण झोपली होती. ताईच्या कानामागे फिकट डाग दिसला. "खरखर आहे, वजा कर," सर म्हणाले. मोठ्यांचा शब्द मोडायचा नाही म्हणून हिनेच कळ दाबली. सहा महिन्यांत ताई मेंदूतल्या गाठीने गेली. डाग पुसलेलं ते लख्ख चित्र सरांनी माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापलं.

"आज मीच झोपतो," सर आडवे होत म्हणाले. "माझ्या डोक्यात काहीतरी आहे, हे तरी कळू दे लोकांना."

स्वतःच्याच विनोदावर ते खो-खो हसले.

चित्र बरबटलेलं आलं. तिने दिवे मालवले, पंखा बंद केला. खरखर हटेना. तीन कॉईल शांत होत्या. सरांच्या उशाशी असलेल्या चौथीची रेघ तेवढी पडद्यावर चढत होती, उतरत होती... सावकाश. कुणीतरी वाकून श्वास घ्यावा तशी.

मग बामचा वास आला. शेवटी शेवटी ताई दिवसातून दहादा कपाळाला बाम चोळायची.

"सर... तुम्ही बाम लावलाय?"

"मला काय धाड भरलीय? आटप लवकर."

तेवढ्यात पडद्यावर डाग उमटला. सरांच्या कानामागे.

"सर, डाग दिसतोय. मोठ्या यंत्रावर तपासून घ्या."

"तुम्हा पोरींना शिकवून काय उपयोग! खरखर आहे. वजा कर."

तिने कळीवर बोट ठेवलं.

"बरं, सर. तुम्ही म्हणाल तसं."

तिने कळ दाबली. डाग पुसला गेला. चौथी कॉईल एकदम गप्प झाली.

"लख्ख आलं?"

"लख्ख."

"मग कपाळ चोळणं थांबव आता... केवढा गार हात तुझा!"

ती दाराशी, टेबलापाशीच बसली होती. आणि सरांचं डोकं अजून यंत्राच्या घट्ट टोपात होतं. बोट शिरेल एवढीही फट त्यात नव्हती.