पडद्याच्या कडेची काळी पट्टी

विज्ञानानं मरणावर मात केली, आणि ती इंझोरी गावात केली.

म्हणजे, जानरावांनी जुना व्हीसीआर नव्या टीव्हीला जोडून घेतला.

पण पुढं घडलं ते अक्षरन् अक्षर खरं. रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती. मंगळवार, दुपारचे अडीच.

जानरावांची बायको, रुख्मिणीबाई, जाऊन महिना झाला होता. जानराव रडले नव्हते. जेवत होते, झोपत होते, कोणी काही विचारलं की 'हो' म्हणत होते.

एकच गोष्ट आत रुतून बसली होती. लेकीवर अक्षता पडताना आईनं पाहू नये, म्हणून मंजुषाच्या लग्नात रुख्मिणीबाई घरामागं तुळशीला पाणी घालत बसल्या होत्या. नंतर म्हणायच्या, कॅसेट तरी दाखवा. घरी व्हीसीआर नव्हता. जानराव 'आणू' म्हणाले.

वीस वर्षं म्हणाले.

आता कारंज्याचा टीव्ही दुरुस्तीवाला पवन व्हीसीआर घेऊन आला. सोबत एक डबा.

"काका, जुन्या चित्रात रेघा कमी. नव्या टीव्हीले लागते जास्त. मधातल्या रेघा हा डबा अंदाजानं भरते."

आधी त्यानं चित्र पडदाभर ताणलं. नवरदेव बैलगाडीएवढा रुंद झाला. जावई मुळातच भरलेले; जानरावांनी चित्र होतं त्या मापात ठेवायला लावलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरल्या. तिथं डबा काही भरत नाही, असं सांगून पवन गेला.

मंगलाष्टकं सुरू झाली.

आणि... बाहेरच्या कोंबड्या गप्प झाल्या.

पंखा फिरत होता. त्याचा आवाज येत नव्हता.

मग... बांगड्या वाजल्या.

लग्नात बांगड्या वाजणारच. जानरावांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

बांगड्या पुन्हा वाजल्या.

डाव्या काळ्या पट्टीत, काचेवर, ते स्वतः दिसत होते. बनियनवर. आणि खांद्यामागं... हिरवं लुगडं. ज्यात रुख्मिणीबाईंना नेलं, तेच.

पवनला मी नंतर विचारलं. तो म्हणतो, डब्यात तसं बटणच नाही.

जानरावांना भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. मागं वळून पाहावं, हेही सुचलं नाही.

पडद्यावर माणसांनी अक्षतांचे हात उचलले.

तेवढ्यात कानाशी, अगदी रोजच्या आवाजात...

"जराशे सरका ना. मले दिसून नाही राह्यलं."